राजू शेट्टी : गर्दी जयसिंगपूरला, मतं कुठं गेली?

कृष्णाकाठचा
दिवाळीत गावाकडं गेलो होतो (शिरोळ तालुका, गावाचं नाव राहू दे). वडील ६८ वर्षांचे, चार एकर ऊस, त्यात दोन एकर खोडवा (तोडल्यावर परत फुटलेला ऊस). यंदाही राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाऊन आले. एकही परिषद चुकवलेली नाही असं ते म्हणतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तो हिरवा चष्मा लावून गेले होते, आई ओरडत होती तरी. विक्रमसिंह मैदानावर नेहमीच्या जागेवर टॉवेल अंथरून बसायचं, पहिल्या उचलीचा (कारखान्यानं उसाला टनामागं पहिल्यांदा द्यायच्या पैशांचा) आकडा ऐकायचा, आणि रात्री घरी येऊन तो आकडा कॅलेंडरवर पेनानं लिहायचा. आमच्या घरात दर वर्षीच्या कॅलेंडरवर एक आकडा असतोच.

तर यंदा सहज विचारलं, आण्णा, लोकसभेला २०२४ ला कुणाला टाकलं? गप्प. आई चुलीपुढनं म्हणाली, "मशालीला टाकलंय, विचार आता का ते." मशाल म्हणजे ठाकरे गट. आण्णा म्हणाले, "शेट्टी दिल्लीला गेले तर दराला रस्त्यावर कोण बसणार?"

मला हसावं का रडावं कळेना. माणूस जिल्हा परिषदेपासून सुरू करून २००४ ला शिरोळचा अपक्ष आमदार झाला, २००९ ला हातकणंगलेचा खासदार, २०१४ ला परत खासदार, आणि मग २०१९ पडला, २०२४ ला तर तिसऱ्या नंबरवर. आणि या सगळ्या काळात ऊस परिषद सुरूच, आंदोलनं सुरूच, लोक येतातच. मग मतं कुठं जातात? जाणकारांनी सांगावं. शिव्या देणाऱ्यांनी दुसरा धागा काढावा.

आकडेमोड
आधी आकडे टाकतो म्हणजे पुढची भांडणं नीट होतील.

२००९ : शेट्टींनी राष्ट्रवादीच्या निवेदिता मानेंना सुमारे ९५ हजारांनी पाडलं. त्या तेव्हा दोन टर्म खासदार होत्या.
२०१४ : महायुतीत होते, काँग्रेसच्या कल्लाप्पाण्णा आवाडेंना पावणेदोन लाखांहून जास्त फरकानं हरवलं.
२०१९ : या वेळी काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत, आणि निवेदिता मानेंचा मुलगा धैर्यशील माने शिवसेनेकडून. ९६ हजारांनी हरले. वंचितच्या उमेदवारानं १ लाख २३ हजार घेतली.
२०२४ : एकटे. माने जिंकले, ठाकरे गटाचे सत्यजित पाटील सरूडकर साडेतेरा हजारांच्या आत राहिले, शेट्टींना १ लाख ८० हजारांच्या आसपास.

म्हणजे आईला ज्या फरकानं पाडलं जवळपास त्याच फरकानं मुलानं पाडलं. आणि दर निवडणुकीत शेट्टींनी बाजू बदललेली. आधी एकटे, मग मोदींसोबत, मग पवारांसोबत, मग परत एकटे. तुमच्या आण्णांचं कारण ऐकायला भारी आहे पण मला वाटतं उत्तर या चार ओळींत आहे.

पेठनाक्यावरचा
आकडेमोड, आकडे बरोबर हायत पण २००९ ची हवा आकड्यात न्हाई सापडायची. मी तवा कॉलेजला होतो. "एक व्होट एक नोट" म्हणून प्रचार चालला होता, उमेदवारानं पैसे वाटायचे सोडून लोकच उमेदवाराला पैसे द्यायचे. आमच्या गल्लीत गाडी आली तर एका म्हातारीनं कमरेच्या पिशवीतनं दहाच्या नोटेची घडी काढली, ती नोट इतकी मऊ पडलेली की उघडताना फाटल असं वाटलं. तिनं ती दिली आन् वर म्हणाली "पावती नको". हे मी डोळ्यांनं बघितलंय. तसली निवडणूक परत झाली न्हाई.

२०१४ ला मोदी लाट, त्यात ती म्हातारी कुठं दिसली न्हाई, फ्लेक्सच फ्लेक्स. माझ्या मते पक्ष तिथंच संपायला लागला, जिंकला तवाच.

साखरेचा_माणूस
मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त. आम्हाला शेट्टींचे लोक म्हणजे गव्हाणीत (ऊस गाळपाला जातो तिथं) उड्या मारणारे, ट्रॅक्टरची हवा सोडणारे एवढंच माहीत. रागही होता. भरलेल्या ट्रॉलीची हवा सोडली की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याचंच, कारखान्याचं नाही.

पण एक गोष्ट कबूल करतो. आंदोलन सुरू व्हायच्या आधी पहिली उचल संचालक मंडळ ठरवायचं आणि नोटीस बोर्डावर लागायची, विषय संपला. नंतर आमच्या एमडींच्या केबिनमध्ये ऑक्टोबर आला की एकच प्रश्न असायचा, जयसिंगपूरला काय आकडा सांगणार. शेजारच्या कारखान्याचं कुणी विचारत नव्हतं, जयसिंगपूरचं विचारायचे.

आता दुसरी बाजू पण ऐका. साखरेचा किमान विक्रीदर २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो झाला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच अडकला, एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) मात्र वाढत गेली. मधली फट कारखान्यानं कर्ज काढून भरायची. शेट्टी या फटीवर बोलतात पण तेवढ्यावर मैदान भरत नाही हो, मैदान भरतं ते पहिल्या उचलीच्या आकड्यावर.

गेवराईचा_कोयता
सगळे शेतकऱ्यांचं बोलू राहिलेत. माझे आई-बाप वीस वर्षं तुमच्या कोल्हापूर-सांगलीला ऊस तोडायला आले, मी पालात जन्मलो. शेट्टींच्या आंदोलनात तोड बंद झाली की आम्ही फडाच्या कडंला बसून राहायचो. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, तोड नाही तर फिटणार कशी. आंदोलन मिटलं की शेतकऱ्याला टनामागं पन्नास-शंभर वाढून मिळायचे, आम्हाला बसून काढलेल्या दिवसांचं काय मिळायचं?

शेट्टी वाईट आहेत असं म्हणत नाही. पण एका पिकाचा पक्ष म्हटलं की त्या पिकात पण सगळे येत नाहीत हे तरी बघा.

पेठनाक्यावरचा
@गेवराईचा_कोयता दादा, बरोबर हाय तुमचं. पण आमच्याकडनं तोडणी टोळीला खुशाली (वरचे पैसे) किती द्यावी लागते त्याचा पण एक धागा काढूया का 😀 गेल्या साली एकराला मागतील तेवढी, वर ड्रायव्हरची एन्ट्री निराळी, कोंबडं निराळं.

गेवराईचा_कोयता
काढा. मुकादमाचं कमिशन किती आणि वजनकाट्यावर किती मारतात ते पण त्याच धाग्यात लिहीन.

सुलभा_म
बायकांना कुणी विचारलं नाही तरी सांगते. हातकणंगले मतदारसंघ म्हणजे सगळा ऊस नव्हे. सहा विधानसभा आहेत त्यात. शिरोळ आणि हातकणंगले हा ऊस पट्टा धरा, इचलकरंजीत यंत्रमाग, तिथं प्रश्न विजेच्या दराचा आणि प्यायच्या पाण्याचा. शाहूवाडी डोंगराळ. इस्लामपूर आणि शिराळा सांगली जिल्ह्यात, तिथलं राजकारण वेगळ्याच घराण्यांचं. माझं माहेर शाहूवाडीकडचं, तिथं भात, नाचणी आणि मुंबईची मनीऑर्डर. माझ्या भावाला पहिली उचल म्हणजे काय ते मी लग्नानंतर सांगितलं.

आणि जातीचं कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते. शेट्टी जैन समाजातले. २००९ ला हा विषय चालला नाही, म्हणजे चालवायचा प्रयत्न झाला पण उसाच्या दरापुढं टिकला नाही. २०१९ ला टिकला. त्यात सैन्यात देशपांडे-कुलकर्णींची मुलं जात नाहीत अशा अर्थाचं ते बोलून बसले आणि नंतर माफी मागावी लागली. इचलकरंजीत आमच्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर तेच चालू होतं, उसाचा शब्द नाही.

अण्णा_सदाशिवपेठ
माझ्या पिढीनं शरद जोशी पाहिले आहेत. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांच्या सभांना लाखांनी माणसं यायची. शेट्टी त्याच संघटनेतून घडले. पुढे जोशी भाजपच्या जवळ जाऊ लागले तसे हे बाहेर पडले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला होता, त्याचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ते स्वतः अखेर राज्यसभेत गेले ते शिवसेनेच्या मदतीने.

याउलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख पहा. शेकापसारखा आटत चाललेला पक्ष, आणि एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार. त्यांच्याकडे दर महिन्याला नवा आकडा नव्हता. माणगंगेचं पाणी, सूतगिरणी, आणि एसटीतून फिरणं. जाण्यायेण्याच्या वाटेवरचा आमदार. शेट्टींनी महाराष्ट्रभर पक्ष न्यायचा प्रयत्न केला आणि घरचा मतदारसंघ सुटला असं माझं मत.

विदर्भी_पोट्टा
@अण्णा, महाराष्ट्रभर नेला कुठं, आमच्या इकडं लावला आणि सोडून देल्ला. बुलढाण्यात रविकांत तुपकर सोयाबीन-कापसासाठी रात्रंदिवस पळाला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. मोर्शीत देवेंद्र भुयार २०१९ ला अनिल बोंडेंले पाडून आमदार झाला, तेव्हा कृषिमंत्री होते ते! स्वाभिमानीचा राज्यातला तेवढा एक आमदार. तो पुढं अजितदादांच्या जवळ गेला, त्याले काढला. तुपकरलेही २०२४ ला काढला. सदाभाऊ खोत त्याच्या आधीच गेले होते. आता सांगा बाप्पा, ज्याले ज्याले मोठं केलं तो तो गेला, मंग दोष जाणाऱ्याचाच का नेहमी?

आकडेमोड
सदाभाऊंचा विषय निघाला म्हणून. २०१४ ला माढ्यातून खोत स्वाभिमानीकडून उभे होते आणि विजयसिंह मोहिते पाटलांना घाम फोडला होता, २५ हजारांच्या आसपास पडले. पुढं २०१६ ला ते कृषी राज्यमंत्री झाले. मे २०१७ ला शेट्टींनी पुण्याच्या फुले वाड्यापासून मुंबईपर्यंत आत्मक्लेश यात्रा काढली, मोदींना मत द्या म्हणून आम्हीच सांगितलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून. म्हणजे संघटनेचा मंत्री सरकारी गाडीत आणि संघटनेचा अध्यक्ष त्याच सरकारविरुद्ध पायात फोड घेऊन हायवेवर. ऑगस्टमध्ये खोतांना काढलं, त्याच महिन्यात एनडीए सोडली.

मला शेट्टींचा हा भाग आवडतो खरं तर. सत्तेत असताना सोडणारे किती असतात.

साखरेचा_माणूस
सोडलं ते ठीक, पण सोडून गेले कुठं? ज्यांच्या कारखान्यांवर वीस वर्षं मोर्चे काढले त्यांच्याच मांडवात. २०१९ ला सांगलीची जागा स्वाभिमानीच्या वाट्याला आली आणि बॅट चिन्हावर उभे कोण, तर विशाल पाटील, वसंतदादांचे नातू. आमच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी चहा सांडेपर्यंत हसले लोक. नंतर राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत राष्ट्रवादीकडून यांचं नाव, ती यादी राज्यपालांनी मंजूर केलीच नाही. हातात काही आलं नाही आणि बोलणी मात्र खाल्ली. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये आघाडी सोडली.

पेठनाक्यावरचा
२०२४ ला पण तेच झालं की. ठाकरेंच्या सेनेनं सांगितलं मशालीवर लढा, हे म्हणाले बाहेरनं पाठिंबा द्या, चिन्ह न्हाई घेणार. स्वाभिमान म्हणून सोडून दिलं. घेतली असती तर आज खासदार असते असं म्हणणारे आमच्या कट्ट्यावर दहा जण हायत. साडेतेरा हजार म्हणजे किती ओ, शिरोळ तालुक्यातली चार गावं.

पण मग नावातला स्वाभिमान काढावा लागला असता 😀

कृष्णाकाठचा
सगळ्यांचं वाचलं, धन्यवाद. अण्णा_सदाशिवपेठ यांचं म्हणणं मनात राहिलं. पण एक सांगतो, गणपतराव दिसत राहिले तसे शेट्टी पण दिसतात, उलट जास्तच. २०२३ ची पदयात्रा घ्या, २२ दिवस, ५२२ किलोमीटर, कारखान्याच्या दारोदार. मागच्या हंगामाचे टनाला ४०० मागितले होते. मग शिरोली पुलाजवळ पुणे-बेंगळुरू हायवे तासन्‌तास बंद. शेवटी मिटलं कशावर, तर ज्यांनी तीन हजारांच्या आत दिलेत त्यांनी १०० द्यायचे आणि ज्यांनी वर दिलेत त्यांनी ५०. आण्णांना ते मिळाले. चार एकराचं गणित घातलं तर जनावरांची थोडीफार पेंड.

आणि त्याच्या पुढच्या सहा महिन्यांत मशालीला मत.

परत विचारलं फोनवर. या वेळी जरा नीट बोलले. म्हणाले, "हे बघ, शेट्टी खासदार होते तवा दिल्लीत कायदा मागत बसले, हमीभावाचा आन् कर्जमुक्तीचा. झाला का? न्हाई. हरले आन् हायवेवर बसले तर शंभर रुपये आले." मग म्हणाले सोसायटीचा सेक्रेटरी, कारखान्याचा चिटबॉय, दूध संघाचा गाडीवाला, बँकेचा वसुलीवाला, हे चौघे जण मतदानाच्या आदल्या दिवशी घरी येऊन गेले, चौघांचा पक्ष निराळा असतो पण चौघांपैकी एक पण शेट्टींचा नसतो. "फेब्रुवारीत ऊस वाळायला लागला की मला चिटबॉयच्या मागं फिरायचं असतंय, तवा कुठला खासदार येतोय."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तोडीची पाळी हातात असलेला माणूस, त्याच्याकडं पक्षाचा झेंडा लागत नाही.

साखरेचा_माणूस
शंभर टक्के. पाळीपत्रक नावाचा कागद असतो, लागणीच्या तारखेप्रमाणं तोड द्यायची. तो कागद किती पाळला जातो ते मला विचारू नका, पेन्शन त्यांच्याकडूनच येते.

सुलभा_म
😂😂

काळा_कोट
थोडं कोर्टाचं सांगतो कारण या धाग्यावर सगळे फक्त रस्त्याचं बोलतायत. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला, तेव्हा आघाडीचं सरकार होतं. कायदा सांगतो ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पूर्ण रक्कम, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. राज्याच्या निर्णयात पहिला टप्पा ठरावीक सरासरी उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) आणि उरलेलं हंगाम संपल्यावर. आता कोल्हापूर पट्ट्यात उतारा १२ च्या आसपास. २०२४-२५ च्या हंगामाचं उदाहरण धरा, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३४०० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ३२ पैसे, म्हणजे १२ टक्क्याला टनाला साधारण ३९८० होतात, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. वरच्या उताऱ्याचे ते टनामागचे पाच-सहाशे रुपये महिनोन्महिने कारखान्याकडं बिनव्याजी पडून. म्हणजे सगळ्यात जास्त फटका याच पट्ट्याला.

शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ ला मुंबई हायकोर्टानं तो शासन निर्णय रद्द केला. ना आमदार ना खासदार असताना. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याला एक फ्लेक्स लागलेला मी पाहिला नाही. हायवे अडवला की टीव्हीवर दोन दिवस, कोर्टाचा निकाल आतल्या पानावर.

विदर्भी_पोट्टा
हे माहीत नव्हतं वकीलसाहेब. पण मंग सोयाबीनचं काय? उसाले निदान एफआरपी नावाचा कायदा आहे कोर्टात दाखवाले. आमच्या हमीभावाले कोणतं कोर्ट?

काळा_कोट
कुठलंच नाही. म्हणूनच तो पक्ष तुमच्याकडं रुजला नाही असं मला वाटतं, तुपकर किंवा भुयारांमुळं नाही. उसाला ठरलेला गिऱ्हाईक असतो, त्याचं धुराडं गावातून दिसतं, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. सोयाबीनवाल्यानं कुणाच्या दारात बसायचं? अडत्याच्या?

पेठनाक्यावरचा
हत्ती राहिला ओ. नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलैअखेर वनताराला (अंबानींचं गुजरातेतलं प्राणी केंद्र) नेली तवा कोण चाललं नांदणीपासनं कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत? शेट्टीच. जैन-मराठा-मुसलमान सगळी माणसं रस्त्याव, बायका रडत होत्या, लोकांनी मोबाईलचं जिओचं सिम बदलून टाकलं. मी पण गेलतो. एवढी गर्दी मी २००९ नंतर बघितली न्हवती.

आता त्या गर्दीतनं मत किती मिळणार म्हणून विचारू नका, पायाला फोड आलेत तेवढं सांगतो.

गेवराईचा_कोयता
हत्तीसाठी एवढे चालले. बरं.

अण्णा_सदाशिवपेठ
@कोयता, तुमचं हे दोन शब्दांचं लिहिणं झोंबतं, आणि झोंबावं. ऊसतोड कामगारांचा वेगळा धागा काढाच, मी वाचेन.

कृष्णाकाठचा
धागा बराच लांबला. आज सकाळी आण्णांना फोन केला, म्हटलं तुमच्यावर ऑनलाईन चर्चा चाललीय. त्यांना आवडलं नाही, "माझं मत चव्हाट्यावर मांडलास व्हय" म्हणाले. मग विचारलं पुढच्या वेळी उभे राहिले तर? म्हणाले "तवाचं तवा."

मागनं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आमच्या वरच्या पट्टीत तोड आलीय, खोडव्याला. कारखान्याचं पहिलं बिल अजून निघालेलं नाही. आण्णा म्हणाले ठेव आता, वाडं न्यायला माणसं आलीत, आणि १४ दिवस आजपासून मोजायचे का वजन झाल्यापासून ते त्या वकिलाला विचारून सांग.

काळा_कोट
ऊस पोच झाल्यापासून. काट्याची पावती जपून ठेवायला सांगा.